खारपाणपट्ट्यातली समुद्री टाकी अन् उन्हाळ्याचं शेवाळ

आधीच सांगून टाकतो, कारण घरी येणारा प्रत्येक जण हेच विचारतो: हो, आमच्या गावचं जमिनीखालचं पाणी खारट आहे, अन् नाही, ते समुद्री माशांच्या टाकीत चालत नाही. दर्यापूर तालुका म्हणजे पूर्णेचा खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला. हापशीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकावं लागते, त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पण हे खारटपण समुद्राचं नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅमच्या आसपास क्षार असतात अन् त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असते, आमच्या बोअरच्या पाण्यात लिटरला दोन-अडीच ग्रॅम, त्यांचं आपसातलं प्रमाण समुद्रासारखं नाही अन् वरून शेतातून मुरलेलं नायट्रेट. म्हणून मी समुद्री मीठ मुंबईहून बादलीनं मागवतो अन् गोड्या पाण्यात कालवतो. बाबा पाहुण्यांना सांगतात, "पोट्टं खाऱ्या गावात मीठ इकत आनते, सांगा आता कोनाले."

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. हिशोबानं 190 लिटर, पण दगड अन् वाळू वजा जाता पाणी एकशे साठच्या आतच. दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत वाढवलेले (क्लाउनफिशची पिल्लं बंदिस्त टाकीत तयार करायचं तंत्र सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या संस्थेनं कधीच बसवलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घ्यायचं कारण नाही), एक गोबी (तळाशी राहणारा लहान मासा), एक झिंगा, थोड्या गोगलगाई. प्रवाळ नाहीत. कोणी फोटो दाखवून "हे रंगीत फुलासारखं पण ठेव ना" म्हणते, तर त्याला सांगतो की खडक बांधणारे सगळे प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून आहेत, म्हणजे कायद्यानं वाघाच्या पंगतीत, ते विकणारा अन् घेणारा दोघंही अडकतात. दगड माझे सिरॅमिकचे आहेत.

माझं गावात कृषी केंद्र आहे. याचा टाकीशी संबंध दोन ठिकाणी येतो. एक म्हणजे दुकानातून आलो की कोपरापर्यंत साबणानं हात धुतल्याशिवाय मी टाकीला हात लावत नाही, कीटकनाशकाचा उरलासुरला अंशही झिंग्याला पुरतो. दुसरं म्हणजे दिवसभर मी विकतो युरिया अन् डीएपी, नत्र अन् स्फुरद, अन् टाकीत शेवाळ येते ते याच दोघांवर. शेतात ज्याच्यासाठी लोक रांग लावतात तेच टाकीत नको असते.

टाकी लावली तेव्हा पहिल्या महिन्यात दगडावर तपकिरी भुकटी बसली. ते डायटम, पाण्यातल्या सिलिकावर जगतात, सिलिका संपली की आपोआप जातात, त्यासाठी काही करायची गरज नसते, मी काचेवरून फडकं फिरवलं अन् सोडून दिलं. हिवाळा छान गेला.

होळी झाली अन् परतीच्या पाइपाच्या (गाळलेलं पाणी टाकीत परत सोडतो त्या) तोंडाशी, जिथं पाणी जोरात पडते, तिथल्या दगडावर हिरवी लव दिसली. सुरुवातीला चांगलीच वाटते ती, पाण्याच्या ओढीनं हलते, दुपारी लाइट पूर्ण असला की तिच्या टोकाटोकाला ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे चिकटतात अन् सगळा दगड चंदेरी दिसते. गुढीपाडव्यापर्यंत ती बोटभर लांब झाली होती. मग त्या केसांत खाल्लेलं-न खाल्लेलं, माशाची घाण, सगळं अडकायला लागलं. चिमटीत धरून ओढलं की मुळासकट निघत नाही, वरचं तुटते अन् खालचा हिरवा डाग तसाच राहते, अन् तुटलेला एकेक तुकडा पाण्यात जिकडे जाते तिकडे नवीन वसाहत करते. हे ज्यानं शेतातला कुंदा (चिवट तण) खणून काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही अन् दुकानात बसणाऱ्याला सल्ले फुकट. एका काकांनी सांगितलं, "चिमूटभर मोरचूद टाक, शेततळ्यात आमी तेच टाकतो, दोन दिवसात साफ होते." दुसरा म्हणे, "तनाले काय वखरून राह्यला, तननाशक मार ना राजा." गंमत नाही, मोरचुदानं शेवाळ खरंच मरते. पण मोरचूद म्हणजे तांबं, अन् झिंगे, गोगलगाई, खेकडे हे तांब्याच्या अगदी थोड्या मात्रेनंही मरतात, शिवाय ते तांबं चुनखडीच्या वाळूत मुरून बसते अन् मागाहून हळूहळू सुटत राहते, म्हणजे पुढचे कित्येक महिने त्या टाकीत गोगलगाय टिकणार नाही. समजा हे बाजूला ठेवलं तरी मूळ गोष्ट राहतेच, शेवाळ मेलं की ते कुजते, त्यानं खाल्लेलं नत्र-स्फुरद परत पाण्यात, अन् त्यावर पुढचं पीक. खत तिथंच आहे तोवर तण मारून काय फायदा.

अंधार मात्र करून पाहिला, त्यात विष नाही. गोदामात मल्चिंग पेपर होता, तोच चंदेरी-काळा जो टरबुजाच्या बेडवर टाकतात. काळी बाजू आत करून टाकीभोवती गुंडाळला, तीन दिवस लाइट बंद, हवेचा पंप चालू (अंधारात शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट खाते, म्हणून हवा वाढवावी लागते). काढला तेव्हा केस पिवळट पडले होते, पाणी स्वच्छ दिसत होतं, बायको म्हणाली, "झालं ना आता?" आठवडा-दीड आठवड्यात पुन्हा हिरवं. अंधारानं शेवाळ थकते, त्याचं खाणं बंद होत नाही.

मग टेस्ट किट काढलं. नायट्रेट 50 च्या रंगाला, फॉस्फेट 0.2 च्या वर (आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये). अशा टाकीत नायट्रेट 5 ते 10 अन् फॉस्फेट 0.1 च्या खाली असलं की ठीक मानतात. एक इथं लक्षात ठेवायचं, की टाकीत केस भरपूर अन् किट मात्र शून्य दाखवते, असंही पुष्कळदा होते, कारण पाण्यात आलेलं खत शेवाळ लगेच ओढून घेते, किटपर्यंत काही पोचतच नाही. तेव्हा शून्य आलं म्हणून खत नाही असं समजू नये. माझ्याकडे तर शेवाळ खाऊनही 50 उरत होतं, म्हणजे आवक जबरदस्त होती. पण आवक कुठून? मासे तेच, दाणे तेवढेच, दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपतील इतके. स्किमर (पाण्यात फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) रोज काळं पाणी काढून राहिला होता. हिवाळ्यात यातलं काहीच वेगळं नव्हतं अन् तेव्हा नायट्रेट 10 च्या आसपास.

वेगळं होतं ते ऊन. आमच्याकडे एप्रिल संपता संपता पारा 43-44, मे मध्ये 45 च्या वर जाते. टाकीला 26 अंश पाहिजे, 30 च्या वर मासे धापा टाकतात. चिलर परवडत नाही, परवडला तरी लाइटचा भरवसा नाही, म्हणून टाकीच्या वर कॉम्प्युटरचे 12 व्होल्टचे दोन पंखे लावले आहेत, ते पाण्याच्या पृष्ठभागावर वारा मारतात, पाणी वाफ होऊन उडते अन् टाकी थंड राहते. विदर्भाची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की ही युक्ती मुंबईपेक्षा इथं चांगली चालते, बाहेर 44 असताना टाकी 28 ला थांबते. (त्याच खोलीत कूलर लावला तर हवा ओलसर होते अन् पंख्यांचा असर कमी होते, पण खोलीच थंड असते म्हणून चालून जाते.) पण याची किंमत म्हणजे पाणी. मे मध्ये रोज सहा-सात लिटर पाणी उडून जाते. मीठ उडत नाही, फक्त पाणी उडते, म्हणून तेवढंच गोडं पाणी रोज टाकावं लागते, नाही तर खारटपणा (तो पाण्याच्या विशिष्ट घनतेवरून मोजतात) 1.025 वरून चढत जाते.

अन् गोडं पाणी म्हणजे आमच्याकडे जार. नळाला शहानूर धरणाचं पाणी येते पण दोन-तीन दिवसांआड अन् क्लोरीनचं, बोअर तर खारटच, म्हणून अर्धं गाव आरो प्लांटचा वीस लिटरचा जार घेते. हिवाळ्यात मी त्या जारचा टीडीएस मोजला होता, 60 च्या आत होता, टाकीला एकदम उत्तम नाही पण चालण्यासारखा. आता परत मोजला तर 310.

टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगते, त्यात नायट्रेट किती हे सांगत नाही. माझं किट मिठाच्या पाण्यासाठीचं, त्यामुळे दुसऱ्या कशानं तरी पडताळून पाहायचं होतं. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतीला पाणी तपासायची पेटी मिळालेली आहे, गावातल्या बायांना तिचं ट्रेनिंग पण दिलं होतं, त्यातल्या एक आमच्या शेजारच्या वहिनी. त्यांच्याकडे बाटली घेऊन गेलो. ओसरीत बसून त्यांनी नळीत खुणेपर्यंत पाणी घेतलं, पुडी टाकली, बूच लावून हलवलं अन् उभ्या नळीकडे पाहत घड्याळ लावलं. रंग हळूहळू गुलाबी व्हायला लागला. तक्त्याशी लावून पाहिलं तर 10 अन् 45 च्या मधला. वहिनींनी नळी उजेडात धरली अन् म्हणाल्या, "भाऊजी, हे कोनत्या हिरीचं पानी व्हय?" म्हटलं जारचं. त्या एकदम गप्प झाल्या, कारण त्यांच्या ओट्यावर तोच जार ठेवलेला होता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, म्हणजे कागदावर जार पास होता. पण बोअरचं पाणी त्याच पेटीत टाकलं तर तक्त्यातला सगळ्यात गडद रंग आला. अमरावती, वर्धा, बुलडाणा, यवतमाळ या जिल्ह्यांची नावं केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालात नायट्रेटसाठी येतातच, तर बोअरचं आश्चर्य नव्हतं, आश्चर्य जारचं होतं.

आता हिशोब पाहा. जारमध्ये लिटरला 20 मिलिग्रॅम नायट्रेट धरू. रोज सात लिटर, महिन्याचे 210 लिटर. टाकीत पाणीच 160 लिटर. म्हणजे मे च्या एका महिन्यात टाकीतल्या सगळ्या पाण्यापेक्षा जास्त पाणी उडाले अन् त्याच्या जागी जारचं आलं. पाणी वर गेलं, नायट्रेट खाली राहिलं. 210 गुणिले 20 म्हणजे 4200 मिलिग्रॅम, भागिले 160, म्हणजे माशांना एक दाणा न टाकताही महिन्याला 26 नं नायट्रेट वाढते. हिवाळ्यात उडायचं दीड लिटर अन् जारही चांगला, त्यामुळे काहीच दिसलं नव्हतं. नेटवर शेवाळाबद्दल जेवढं वाचलं त्यात दाणे कमी करा, मासे कमी करा, लाइट कमी करा एवढंच सापडते, कारण लिहिणारे बहुतेक थंड देशातले, त्यांच्या टाकीचं पाणी असं उडत नाही. आमच्याकडे शेवाळ वरून ओतलेल्या पाण्यातून येते, हे माझं ठाम मत झालं आहे, अन् अकोला-अमरावतीकडच्या कोणीही समुद्री टाकी लावायची म्हटली तर मी मासा कोणता घ्यायचा याच्या आधी पाणी कोणतं टाकणार हेच विचारतो.

प्लांटवाल्याला जाऊन विचारलं तर त्यानं लपवलं नाही, "मेम्ब्रेन जुनी झाली, आन् उन्हाळ्यात जार डबल जाते, मशीन बंद कवा करू?" त्याचंही खरं होतं. पण वहिनींनी ते गुलाबी पाणी गटाच्या मिटिंगमध्ये सांगितलं होतं, त्यामुळे पंधरा दिवसांत मेम्ब्रेन बदलली. मी मात्र तोवर घरी स्वतःचं मशीन बसवलं होतं.

मशीन म्हणजे साधा घरगुती आरो, फक्त त्यातला टीडीएस कंट्रोलर बंद केलेला. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडच्या पिण्याच्या आरोमध्ये चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतात, अन् टाकीसाठी तीच वाट बंद पाहिजे. आरोच्या पुढं डीआय रेझिनची (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांची) एक नळी जोडली. आरो बहुतेक क्षार अडवते पण नायट्रेट अन् सिलिका थोडे निसटतातच, ते रेझिन धरते. रंग बदलणारं रेझिन घेतलं की संपत आलं ते डोळ्यांनी दिसते. मशीनला पाणी नळाचं देतो, बोअरचं दिलं तर मेम्ब्रेन वर्षभरही टिकणार नाही अन् रेझिन आठवड्यात संपेल. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कार्बनचा फिल्टर आधीच काढते, नाही तर त्यानंही मेम्ब्रेन खराब होते. शेवटी मीटरवर आकडा शून्य पाहिजे. जेवढं चांगलं पाणी मिळते त्याच्या दीड-दोन पट वाया जाते, ते ड्रममध्ये साठवून भांडी अन् संडासला वापरतो.

मशीन लागलं तशी बायको म्हणाली, "माशाले शुद्ध पानी आन् आमाले जारचं?" यावर उत्तर नव्हतं. रेझिनच्या आधी एक टी-जॉइंट लावून पिण्याची वेगळी लाइन काढली, तिच्यावर मिनरलची कांडी बसवली, आता घरचंही तेच पाणी. रेझिनच्या पुढचं पाणी रोज प्यायसाठी नाही, ते टाकीचंच.

कोणी सांगितलं एसीचं टपकणारं पाणी फुकट शुद्ध असते. असते, पण ते तांब्याच्या कॉइलवरून येते, परत तांब्याचाच प्रश्न. पावसाचं पाणी मात्र खरंच चांगलं, पण टिनाच्या पत्र्यावरून घेऊ नये, पत्र्याचं जस्त उतरते. पहिले दोन-तीन चांगले पाऊस जाऊ द्यायचे अन् मग अंगणात स्वच्छ मेणकापड बांधून थेट धरायचं. तेही शेतात फवारणी सुरू होईपर्यंतच, कपाशीवर फवारे चालू झाले की मी धरत नाही.

आवक बंद झाली, पण साठा होताच. पाणी बदलायला लागलो, दर आठवड्याला पाचवा हिस्सा. पाचवा हिस्सा बदललं की 50 चे 40 होतात, मग 32, मग 26, हा साधा हिशोब, पण नायट्रेटच तसं वागते. फॉस्फेट वागत नाही. ते आज 0.2, पाणी बदललं की 0.16, दोन दिवसांनी परत 0.2. हे मला लगेच ओळखू आलं कारण काळ्या जमिनीत हेच होते, डीएपी टाकलं की त्यातलं बरंचसं स्फुरद चुन्याशी बांधल्या जाते अन् मग हळूहळू सुटते. टाकीतली वाळू अरॅगोनाइटची, म्हणजे चुनाच. तिनं उन्हाळाभर धरून ठेवलेलं स्फुरद आता पाणी स्वच्छ झाल्यावर सोडत होती. त्यासाठी लोहाचे दाणे मिळतात, जीएफओ म्हणतात, ते एका जाळीच्या पिशवीत घालून पाणी जाईल तिथं ठेवले. सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच टाकले, कारण फॉस्फेट एकदम शून्यावर आणलं तर केस जातात अन् त्यांच्या जागी डायनोफ्लॅजेलेट येऊ शकतात, तपकिरी, चिकट, तारा धरणारे, बुडबुडेवाले, अन् त्यांच्यातल्या काही जातींचं विष गोगलगाईंना मारते. तो प्रकार केसांपेक्षा वाईट. थोडं खत टाकीत राहिलंच पाहिजे.

दगडावरचे केस हातानं काढले, पण टाकीच्या आत नाही. एक एक दगड बाहेर काढून, टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत धरून, दातांच्या ब्रशनं घासला. जे डाग उरले त्यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळते ते 6 टक्क्यांचं असते, त्यात तेवढंच आरोचं पाणी घालून 3 टक्के केलं, रंगाच्या ब्रशनं फक्त हिरव्यावर लावलं, दोन-तीन मिनिटं तडतड फेस येऊ दिला, जुन्या पाण्यात खळबळून परत टाकीत. दोन दिवसांत तो भाग पांढरा पडला अन् गोगलगाईंनी उरलेलं खाल्लं. एका दिवशी एकच दगड केला, झिंग्याला पेरॉक्साइड सोसत नाही. दगडाच्या फटीत हात जात नाही तिथं चिमटा.

गोगलगाईंबद्दल लोकांचा गैरसमज असते की पंचवीस टाकल्या की काम संपलं. त्या आखूड लव खातात, बोटभर केस खात नाहीत, म्हणून आधी आपण काढायचं अन् मग त्यांनी राखायचं. शिवाय मे मध्ये मुंबईहून पार्सल मागवू नये, रेल्वेत असो की ट्रॅव्हल्समध्ये, बॉक्स उघडला की वासावरूनच कळते. मी मृग लागून हवा थंड झाल्यावर मागवल्या.

मेडिकलवाल्याची एक गोष्ट राहिली. केसांसारख्या शेवाळात ब्रायॉप्सिस म्हणून एक जात येते, भिंगातून पाहिलं की प्रत्येक काडीला पिसाची पानं दिसतात, ती हातानं आवरत नाही, तिच्यावर फ्लुकोनाझोल चालते, माणसाच्या फंगसची गोळी. मित्राच्या टाकीसाठी मी मेडिकलमध्ये 150 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या मागितल्या तर तो म्हणाला, "गजकर्न किती जनाले झालं घरात?" माझं शेवाळ भिंगात साधं निघालं, पिसं नाहीत, त्यामुळे गोळी लागली नाही. आधी भिंग, मग औषध.

जूनमध्ये एका वादळात डीपी गेली, इन्व्हर्टर रात्रभर पुरला, नंतर फक्त बॅटरीचा हवेचा पंप. पाणी फिरणं बंद पडलं तसं वाळूवर लाल-जांभळा थर आला, बोटानं उचलला तर सायीसारखा अख्खा निघतो. मित्र बुलडाण्याचा, तो म्हणे, "तुह्यी टाकी त लोनार झाली बे." लोणारचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं त्यावरून. ते वेगळं, तिथं खाऱ्या पाण्यातले हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव होते, माझ्याकडचे सायनोबॅक्टेरिया, जे शेवाळही नाही अन् वनस्पतीही नाही. नळीनं शोषून काढलं, पंपाचं तोंड वाळूकडे वळवलं, वीज आली तसे ते गेले.

सगळ्यात मजा आली ती स्क्रबर बनवताना. कल्पना जुनी आहे, अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या वॉल्टर एडी यांनी शेवाळाकडूनच पाणी स्वच्छ करून घ्यायची ही पद्धत बसवली. टाकीच्या बाहेर एक जाळी लटकवायची, तिच्यावरून टाकीचं पाणी पातळ थरानं वाहू द्यायचं, अन् जाळीवर टाकीपेक्षा जास्त उजेड मारायचा. शेवाळ जिथं जास्त सोय तिथं वाढते, तिथलं नत्र-स्फुरद खाते, अन् आपण ते खरवडून फेकलं की खत टाकीच्या बाहेर गेलं. मी गोदामातल्या जाड प्लॅस्टिकच्या जाळीचा वितभर तुकडा सॅंडपेपरनं खरखरीत केला, अर्ध्या इंची पाइपाला लांब चीर पाडून जाळी तिच्यात अडकवली, परतीच्या पंपातून एक फाटा तिला दिला अन् दोन्ही बाजूंना लाल एलईडी लावले. लाइट रात्रीचे चालवतो, टाकीचे बंद असतात तेव्हा, त्यामुळे रात्री पाण्याचा पीएच पण फार पडत नाही. खारं पाणी अन् वायर जवळ येतात, म्हणून बोर्डाला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावलाच पाहिजे अन् वायर आधी खाली झोका घेऊन मग बोर्डात, म्हणजे थेंब वायरवरून सॉकेटात जात नाही. पहिले दोन आठवडे जाळीवर नुसता तपकिरी चिकटा आला, मग हिरवं धरलं. आता दर रविवारी जाळी काढून सिंकमध्ये जुन्या एटीएम कार्डानं खरवडतो, मूठभर निघते. मीठ धुऊन ते जास्वंदाच्या कुंडीत टाकतो.

टाकीच्या लाइटचंही थोडं बदललं, अकरा तासांचे आठ केले, पांढरा कमी, अन् पश्चिमेच्या खिडकीला पडदा, दुपारचं ऊन सरळ टाकीवर येत होतं. याचा किती फायदा झाला सांगता येणार नाही कारण सगळं एकाच वेळी चालू होतं, पण पाणी सुधारल्याशिवाय याचा काही उपयोग झाला नसता एवढं नक्की.

पोळ्यापर्यंत दगड मोकळे झाले. नायट्रेट आता 8 च्या आसपास, फॉस्फेट 0.05. मागच्या काचेवर हिरवं आहे ते मुद्दाम ठेवलं, गोगलगाईंना खायला काही तरी पाहिजे. येत्या उन्हाळ्यासाठी दोनशे लिटरचा झाकणाचा ड्रम घेतला आहे, त्यात शून्य टीडीएसचं पाणी मार्चपासूनच साठवणार, अन् फ्लोट लावून टाकीत आपोआप उतरवणार, म्हणजे दुकानातून दुपारी घरी धावायचं काम नाही. रेझिनचा रंग अर्ध्या नळीपर्यंत बदलला आहे. कुरिअर दर्यापूरपर्यंतच येते अन् उन्हाळ्यात रेझिन संपलं तर आठवडाभर जारवर राहावं लागेल, म्हणून दोन नळ्या भरतील एवढं आत्ताच मागवून ठेवतो.